दोघांत एक बोर्ड चालेल का?

*ताई, आम्ही दोघं ओरेगॉनमध्ये हिल्सबरोला राहतो. काही उन्हाळे फुगवायच्या ११ फूट ६ इंची बोर्डावर उभं राहून पॅडलिंग केलं. मग गेल्या वर्षी नवऱ्याने ऑफिसातल्या एकाकडून १४ फूट बाय २३ इंची रेसबोर्ड घेतला. हॅग लेकवर मी त्यावर सुसाट जाते. पण जुलैमध्ये कोलंबिया नदीच्या दरीत, म्हणजे गॉर्जमध्ये, व्हिएंटोहून हूड रिव्हरकडे निघाले तर बोर्डावर कमी आणि पाण्यात जास्त होते. पुढच्या जुलैत मला गॉर्जमधल्या डाउनविंड (वारा पाठीशी घेऊन लाटांवरून जायच्या) शर्यतीत उतरायचंय. दुकानदार म्हणतो, बायकांनी १२ फूट ६ इंची घ्यावा. मैत्रीण म्हणते, आता सगळे फॉइलवर (खाली पंख असलेल्या, पाण्याच्या वर उचलल्या जाणाऱ्या बोर्डावर) गेले, तूही तेच घे. नवरा म्हणतो, असा बघ की दोघांचं भागेल. माझं वजन ५८ किलो, उंची १६० सेंटिमीटर, त्याचं वजन ८४. डिसेंबरात गुहागरला जातो, तिकडे नेता आला तर सोन्याहून पिवळं. काय घेऊ?*

हिल्सबरोकर (नाव छापू नका म्हणालात, तेव्हा बारसं माझ्याकडून),

निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. १४ फूट लांब, २५ इंचांच्या आसपास रुंद, नाक आणि शेपूट दोन्हीकडून उचललेला, डाउनविंडसाठीच बनवलेला कडक बोर्ड घ्या. सेकंडहँड घ्या. तुमच्या वजनाला घ्या, नवऱ्याच्या नाही. फॉइल यंदा नको. आणि गुहागरचा प्रश्न या बोर्डाच्या खरेदीतून पूर्ण काढून टाका, त्याचं उत्तर वेगळं आहे.

व्हिएंटोला तुम्ही पडलात त्यात तुमचा दोष थोडा, बोर्डाचा जास्त. २३ इंच रुंदी आणि ‘हॅग लेकवर सुसाट’ एवढ्यावरूनच कळतं की घरात आहे तो सपाट पाण्याचा बोर्ड आहे. असे बोर्ड नाकापासून शेपटीपर्यंत जवळजवळ सरळ असतात. नाक पाणी कापायला धारदार, कडा उभ्या, शेपूट चौकोनी. तळ्यावर हे सगळे गुणच. पण मागून लाट आली की ती चौकोनी शेपटीला वर उचलते, धारदार नाक पुढच्या लाटेच्या पाठीत घुसतं आणि घुसलेलं नाक जिकडे वळेल तिकडे अख्खा बोर्ड आडवा होतो. तुम्ही त्याच्या विरुद्ध बाजूला पाण्यात. बरोबर ना?

इथे थोडं गणित करावं लागेल, कारण बोर्डाचा आकार लाटेच्या मापावर ठरतो आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. खोल पाण्यात लाटेचा वेग काढणं सोपं आहे. एक माथा गेल्यापासून दुसरा येईपर्यंत जितके सेकंद जातात त्यांना १.५६ने गुणायचं, की मीटर प्रतिसेकंद वेग मिळतो. गॉर्जमधल्या लाटा साधारण अडीच-तीन सेकंदांच्या. म्हणजे वेग ताशी १४ ते १७ किलोमीटर आणि दोन माथ्यांमधलं अंतर १० ते १४ मीटर. तुमचा १४ फुटी बोर्ड ४.२७ मीटरचा. दोन माथ्यांमधल्या खोलगट भागात तो जेमतेम मावतो. त्यातून कोलंबिया नदी वाहते पश्चिमेला आणि उन्हाळ्यातला वारा येतो पश्चिमेकडून. कॅस्केड पर्वतापलीकडचा कोरडा प्रदेश तापला की समुद्रावरची गार हवा या एकाच फटीतून आत ओढली जाते. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाट आणखी आखूड होते, आणखी उभी होते. मे-जूनमध्ये डोंगरातलं बर्फ वितळून नदीला पाणी वाढलेलं असतं, तेव्हा तर विचारूच नका.

आता हवाईशी ताडून बघा. मोलोकाई ते ओआहू ही ३२ मैलांची शर्यत काइवी सामुद्रधुनीतून जाते. तिथली सहा सेकंदांची लाट ५६ मीटर लांब असते आणि ताशी ३४ किलोमीटरने पळते. अशा पाण्यासाठीच तिथे पायाने फिरवायच्या सुकाणूचे १७-१८ फुटी ‘अनलिमिटेड’ बोर्ड तयार झाले. तिथल्याच माउई बेटावरच्या मलिको रन या डाउनविंड मार्गाचे व्हिडिओ रात्री बघत बसायला छान असतात (मीही बघते), पण त्यावरून व्हिएंटोचा बोर्ड निवडू नका. पाणीच वेगळं आहे.

१४ फुटी बोर्ड नुसत्या वल्ह्याच्या जोरावर ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास अडकतो. त्याच्या पुढे त्याला स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं आणि दम निघतो. लाट पळते १४-१७ने. मधली दरी तीन-चार जोरकस वल्ह्यांत आणि लाटेच्या उताराच्या मदतीने ओलांडायची असते. म्हणून डाउनविंडच्या बोर्डाचं नाक भरीव आणि वर उचललेलं असतं, म्हणजे ते खाली गेलं तरी पाण्यावर चढतं, आत घुसत नाही. शेपूट निमुळती आणि गोलसर असते, म्हणजे लाट तिला ढकलते पण फिरवत नाही. खालचा हा बाक, ज्याला सगळे रॉकर म्हणतात, हीच बघायची पहिली गोष्ट. बोर्ड जमिनीवर पालथा ठेवा, त्याच्या पोटावर एक सरळ लाकडी पट्टी लांबीला धरा आणि नाकाकडे-शेपटीकडे किती फट राहते ते बघा. सपाट पाण्याचा बोर्ड आणि डाउनविंडचा बोर्ड शेजारी ठेवून हे एकदा केलंत की माहितीपत्रक वाचायची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट पाय. लाट पकडली की एक पाऊल मागे जायचं, नाक उचलायचं. उतार संपला की पुन्हा पुढे यायचं. हे दर लाटेला, कारण लाटांचा समूह एकट्या लाटेच्या निम्म्याच वेगाने सरकतो. तुम्ही पकडलेली लाट थोड्या वेळात समूहाच्या पुढे जाऊन विरते आणि तुम्हाला पुढची शोधावी लागते. गॉर्जमध्ये हा खेळ सारखा चालू. तेव्हा जो बोर्ड तुम्हाला दोन्ही पाय समांतर घट्ट रोवून उभं राहायला लावतो, तो कितीही वेगवान असो, तुमच्यासाठी मंद आहे. माझी परीक्षा अशी: चांगल्या वाऱ्यात खाली न बघता डावा पाय मागे नेऊन परत जागेवर आणता आला पाहिजे. आणि हे पहिल्या मैलात नाही, शेवटच्या मैलात, जेव्हा पोटऱ्या थरथरायला लागलेल्या असतात. व्हिएंटो ते हूड रिव्हर आठेक मैल होतं. तुमची शर्यत वॉशिंग्टनच्या बाजूने होम व्हॅलीहून सुटणारी असेल तर अंतर २० किलोमीटरच्या पुढे गेलं.

म्हणून २५ इंच. तुमच्या वजनाच्या कसलेल्या बायका २२-२३ इंचांवर शर्यती मारतात हे खरं आहे, आणि ‘घे अरुंद, होईल सवय’ असं सांगणाराही कुणीतरी भेटेलच. सवय होते, पण ती रोज पाण्यात असणाऱ्यांना. तुम्ही शनिवार-रविवारच्या. २४.५ मिळाला तरी चालेल, २६ झाला तर थोडं जास्त होईल. आकारमान २३० ते २६० लिटर पुरे. ३०० लिटरचा बोर्ड ५८ किलोच्या बाईला घेऊन पाण्यावर इतका उंच तरंगतो की बाजूचा झोत त्याला पाहिजे तिकडे नेतो.

खोदलेल्या डेकचे बोर्ड हल्ली बरेच दिसतात. उभं राहायची जागा खाली असल्याने तोल सांभाळणं सोपं, हा फायदा खराच. पण गॉर्जच्या फुटणाऱ्या लाटा त्या हौदात पाणी ओततात, आणि मागे पाय नेताना हौदाची कड मध्ये येते. पाणी जायला भोकं मोठी असतील आणि मागचा भाग सपाट असेल तर जरूर बघा. नाहीतर साधा सपाट डेक बरा, पडल्यावर त्यावर चढणंही सोपं जातं.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. आखूड बोर्ड आखूड लाटेत नीट बसतो, पटकन वळतो, आणि तुमच्या वजनाला १२ फूट ६ इंची व्हिएंटोवर मजा देईल. पण ‘बायकांचा’ हे विशेषण जुनं आहे. पूर्वी बऱ्याच शर्यतींत महिलांना तो वर्ग असायचा, आता १४ फूट हीच सगळ्यांची लांबी झाली आहे. त्यामुळे १२ फूट ६ इंची बोर्ड स्वस्तात मिळतात आणि विकायला गेलात तर त्याहून स्वस्तात जातात. दोन लाटांमधल्या मोकळ्या पाण्यात १४ फुटी घसरत राहतो, १२ फुटी थांबतो. शर्यतीत ते भारी पडतं. दुकानदाराच्या गोदामात काय पडून आहे तेही एकदा बघून घ्या.

आता नवरा. ५८ आणि ८४ किलोंत एक बोर्ड म्हणजे दोघांत एक चप्पल. तुमच्या मापाच्या बोर्डावर ते उभे राहिले की कडा पाण्याखाली जातील आणि रॉकर बुडेल. त्यांच्या मापाचा, म्हणजे २७-२८ इंची आणि ३०० लिटरच्या पुढचा घेतलात, तर वारा बोर्ड चालवेल आणि तुम्ही वर उभ्या राहून बघाल. त्यांच्या म्हणण्यामागचं कारण कळतं. गाडी हूड रिव्हरला सोडून परत व्हिएंटोला यायचं हे झेंगट असतं, त्यापेक्षा एकाने पॅडल मारायचं, दुसऱ्याने गाडी न्यायची, मग अदलाबदल. हिशेब सुटसुटीत आहे, पण शर्यतीत कोण उतरतंय? तुम्ही. मग बोर्ड तुमचा. त्यांचा २३ इंची त्यांना तळ्यावर लखलाभ, आणि उन्हाळ्यात व्हिएंटोला वारा असला की हूड रिव्हरहून शटल सापडते.

फॉइलबद्दल मैत्रिणीचं निरीक्षण चुकीचं नाही. हवाईच्या काई लेनीने २०१६मध्ये काइवी फॉइलवर ओलांडली, आणि आता लांब-अरुंद डाउनविंड फॉइलबोर्ड आल्यापासून वेगवान मंडळी त्याच्याकडेच वळली आहेत. पण तो वेगळा खेळ आहे. वल्हं मारत बोर्ड पाण्यावर उचलणं हेच शिकायला अख्खा मोसम जातो, पडताना खाली धारदार पंख असतो, आणि लाट वाचता येत नसेल तर उडूनही उपयोग नाही. लाट वाचायला १४ फुटी बोर्डावर शिकलात तर ते पुढे फॉइलवरही कामाला येतं.

नावं विचारलेली नाहीत, तरी सांगते. एसआयसीचा बुलेट १४ डाउनविंडसाठी वर्षानुवर्षं नावाजलेला आहे आणि जुन्या बाजारात भेटतो. नॅशचा मलिकोही तसाच. स्टारबोर्डचा ऑल स्टार सगळ्या पाण्यात चालणारा, त्यातला तुमच्या मापाचा मिळाला तर तळ्यावरही रडवणार नाही. फक्त स्टारबोर्डचाच स्प्रिंट ‘जवळजवळ तसाच’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर तो सपाट पाण्याचा आहे, एवढं लक्षात ठेवा. मोसमाच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, लोक गॅरेज रिकामं करतात. नवा कार्बनचा बोर्ड तीन हजार डॉलरच्या घरात जातो, तेव्हा वाट बघणं परवडतं.

जुना बोर्ड बघायला जाताना घरातला वजनकाटा गाडीत टाका. बोर्ड हातात धरून काट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि फरक कंपनीने छापलेल्या वजनाशी ताडा. एक-दीड किलो जास्त भरला तर आत पाणी शिरलेलं असण्याची शक्यता मोठी. मग जिथे पाय ठेवतात त्या पॅडच्या कडेने अंगठ्याने दाबत जा. कुठे भुसभुशीत लागलं, दाबल्यावर टक असा बारीक आवाज आला, तर वरचा थर आतल्या फोमपासून सुटला आहे. बोटाच्या पेरांनी ठोकून बघा, चांगल्या जागी आवाज कोरडा आणि टणक येतो, सुटलेल्या जागी बोदा. तळाची फिन (दिशा धरणारं पातं) बसते त्या खाचेच्या कोपऱ्यांत केसासारखी चीर आहे का बघा. कडेवर वल्ह्याचे टवके असतील तर घाबरू नका, ते सगळ्यांच्याच बोर्डाला असतात.

फिन जोडीला मिळेल ती वापरून बघा, पण मागे झुकलेली एक वेगळी ठेवा. उन्हाळ्यात किनाऱ्याकडे पाणवनस्पती माजतात आणि सरळ फिनला झुबका अडकला की बोर्ड जड का झाला हेच कळत नाही. वल्हं तळ्यावरच्यापेक्षा थोडं आखूड करा, तुमच्या उंचीला १७० सेंटिमीटरच्या आसपासपासून सुरुवात करा. पातं लहान घ्या. इथे भराभर मारायचं असतं.

लीशवर, म्हणजे बोर्ड पायाला बांधायच्या दोरीवर, घासाघीस नको. वाऱ्यात सुटलेला बोर्ड कुणाच्याही पोहण्यापेक्षा वेगाने जातो. पोटरीला बांधायची गुंडाळीची लीश घ्या आणि दर मोसमाला तिचा वेल्क्रो तपासा. लाइफजॅकेट अंगावर, बोर्डावर बांधलेलं नाही. शिट्टी जॅकेटला. ओरेगॉनचं वॉटरवे ॲक्सेस परमिट तुमच्या १४ फुटी बोर्डाला लागतं, ते आधीच काढून ठेवा. नदीत गव्हाच्या बार्जांची ये-जा असते. त्या थांबू शकत नाहीत, वळूही शकत नाहीत, तेव्हा लांबूनच बाजू निवडा. शेवटी हूड रिव्हरच्या किनाऱ्यापाशी काइटवाले (पतंगाच्या ओढीने पाण्यावर धावणारे) दाट असतात, तिथे लाटेच्या नादात मान खाली घालून घुसू नका. पहिले काही दिवस १५ ते १८ नॉट वाऱ्याचे निवडा. पोर्टलँड आणि द डॅल्स यांच्या हवेच्या दाबातला फरक सकाळी बघायची सवय लावा, फरक वाढला की दुपारी वारा चढतो. २५ नॉटच्या पुढचे दिवस नव्या बोर्डावर पाय बसल्यावर.

विकत घेण्याआधी एकदा तरी हूड रिव्हरला भाड्याने किंवा डेमोवर दोन रुंद्या एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात चालवून बघा. आधी अरुंद, मग रुंद, असं करू नका. दमल्यावर रुंदच चांगला वाटणार. उलट क्रमाने करा.

आणि गुहागर. १४ फुटी कडक बोर्ड विमानातून न्यायचा विचार सोडा. जुना फुगवायचा ११ फूट ६ इंची पिशवीत घालून सामानात जातो, तोच न्या. कोकणात खऱ्या अर्थाने डाउनविंड जमतं ते मार्च ते मे, दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो तेव्हा, उत्तरेकडून दक्षिणेकडे. तुम्ही जाता डिसेंबरात. तेव्हा पहाटेपासून मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं दिसतं आणि तुम्ही अर्धा किलोमीटर आत गेलात की परत येताना तो तोंडावर असतो. फुगवलेला बोर्ड या वाऱ्यात हलका आणि उंच, सगळ्यांत वाईट. म्हणून सकाळी निघायचंच असेल तर किनाऱ्याला समांतर, कमरेएवढ्या पाण्याच्या आसपास, आणि वारा तिरका असेल तर आधी त्याच्या विरुद्ध दिशेने. दाभोळच्या खाडीत भरतीच्या सुमारास मजा येते, फक्त धोपावेच्या फेरीबोटीच्या वाटेत येऊ नका, ओहोटीला खाडीच्या मुखाकडे जाऊ नका, आणि हौसेने चिपळूणपर्यंत वर सरकू नका. वाशिष्ठीत मगरी आहेत. मे महिन्यात रजा मिळाली तर मला पुन्हा लिहा, तेव्हा जाळी कुठे लावलेली असतात ते आदल्या संध्याकाळी गावातल्या कोळ्यांना कसं विचारायचं आणि उतरायची जागा कशी ठरवायची, ते सविस्तर सांगते. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, मग तुम्हीही बोर्ड गुंडाळून ठेवा.